ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ गावच्या वाचनालयात वाचायची तर

ताराबाई शिंद्यांचं नाव गोव्यात बहुतेक ८ मार्चला निघतं. हार, समई, दोन भाषणं, ‘आद्य स्त्रीवादी लेखिका’ असा एक उल्लेख, की कार्यक्रम संपला. पुस्तक कुणाच्या हातात पडत नाही. खरं तर हे पुस्तक लहान आहे, मराठी वाचणाऱ्या कुणालाही थोड्या मदतीनं समजणारं आहे, आणि मोठ्यानं वाचण्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. १८८२ साली छापलेला हा निबंध म्हणजे ‘बायकांची जातच अनीतीची’ या आरोपाला दिलेलं उत्तर आहे. म्हणून आधी आरोप ऐकवायचा, मग उत्तर. हा क्रम सांभाळला तर दहा-बारा माणसांचा गट चार बैठकांत पुस्तकाचा गाभा नीट वाचू शकतो. त्याची तयारी कशी करायची, ते पुढे दिलं आहे.

चरित्र पाच मिनिटांत संपवा

बैठकीची सुरुवात चरित्रानं करायचा मोह सगळ्यांनाच होतो. ताराबाईंबद्दल खात्रीनं सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि ते एका कार्डावर मावतं. जन्म १८५० च्या सुमाराचा, वऱ्हाडातल्या बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. ताराबाईंचं लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला, मूल झालं नाही. ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. ताराबाईंच्या नावावर दुसरं पुस्तक सापडत नाही. मृत्यू १९१० च्या सुमारास. एवढं वाचायचं आणि कार्ड बाजूला ठेवायचं.

एक घोटाळा मात्र आधीच टाळा. फलक किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं आमंत्रण बनवताना नुसतं ‘ताराबाई’ शोधलं की छत्रपती राजारामांच्या राणी ताराबाई येतात, नाही तर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक येतात. तिघींची शतकंसुद्धा वेगळी. फलकावर चित्र नको. पुस्तकाचं नाव मोठ्या अक्षरात पुरे.

पुस्तक कुठून आणायचं, प्रती कशा काढायच्या

पहिली चौकशी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात करा, मग ताळगावला गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात. स. गं. मालशे यांनी हा निबंध १९७५ साली पुन्हा छापून वाचकांसमोर आणला. त्यानंतर निघालेल्या आवृत्त्याही आहेत. हातात येईल ती आवृत्ती आधी तपासा. ‘नाहीं’, ‘करितां’, ‘त्यांस’ अशी जुनी रूपं आणि ताराबाईंची स्वतःची प्रस्तावना आहे ना, ते बघा. नसतील तर कुणीतरी भाषा सोपी केलेली असते, आणि सोपी करताना सगळ्यात आधी ताराबाईंचा राग पातळ होतो. तशी प्रत घेऊ नका.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मजकूर सर्वांसाठी खुला होतो, त्यामुळे ताराबाईंच्या मूळ मजकुराच्या प्रती काढायला कुणाची परवानगी लागत नाही. संपादकाची प्रस्तावना आणि टिपा यांना मात्र हे आपोआप लागू होत नाही. त्या झेरॉक्स न काढता वाचनालयाच्या प्रतीतूनच वाचाव्या.

सगळं पुस्तक झेरॉक्स करण्यापेक्षा सहा उतारे निवडून टाइप करून घ्या, प्रत्येकी २५० ते ३०० शब्दांचे: प्रस्तावनेचा भाग, श्लोकाला दिलेलं उत्तर (हे जरा लांब होईल, त्याचे तुकडे करावे लागतील), विधवेची अवस्था, नवरा देव असेल तर त्यानं वागावं कसं हा भाग, सावित्रीचा उल्लेख, आणि कादंबऱ्या-नाटकांवरची टीका. टाइप १६ पॉइंटचा, दोन ओळींत मोकळी जागा, डावीकडे दर पाचव्या ओळीला आकडा. आकडे टाकायचा कंटाळा करू नका. नाही तर चर्चेत ‘तिथे वर कुठंतरी म्हटलंय’ यातच निम्मा वेळ जातो. मूळ शुद्धलेखन जसंच्या तसं ठेवा. टाइप करणाऱ्या मुलांना हे बजावून सांगावं लागतं. संगणक ‘नाहीं’ला लाल रेघ मारतो आणि ती ‘सुधारतात’.

आठ ते चौदा माणसांचा गट असेल तर वीस संच काढा. चार-पाच जण न सांगता येतातच, त्यांना शेजारच्याच्या कागदात डोकवायला लावलं की ती पुढच्या वेळी येत नाहीत.

दिवस, वेळ, जागा

पावसाळ्याचे पहिले दोन महिने सोडा. लावणीची कामं असतात, दुपारनंतर वीज जाते आणि कौलांवरच्या आवाजात वाचन ऐकू येत नाही. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तर कुठल्याच घरातली बाई मोकळी नसते. तुळशीचं लग्न झाल्यापासून शिगम्यापर्यंतचा काळ बरा. या दिवसांत गावोगावी जत्रा आणि काले असतात, तेव्हा आपल्या आणि शेजारच्या दोन गावांच्या तारखा आधी लिहून घ्या. ज्या गावात पौषात धालो (बायकांचे रात्रीचे नाच-गाण्यांचे खेळ) होतात, तिथल्या बायका त्या रात्री मांडावर असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून वाचनाची अपेक्षा करू नये.

रविवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच ही वेळ जमते. जेवण, आवराआवर आणि थोडी झोप झालेली असते, आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचता येतं. संपायची वेळ गावाकडे जाणाऱ्या बसवर ठरवा. शेवटची कदंब सहाला असेल तर सव्वापाचला कागद गोळा करायला घ्या. दोन बायका घड्याळाकडे बघायला लागल्या की बाकीच्यांचंही लक्ष उडतं.

जागेचं मात्र नीट ठरवा. देवळाचा सभामंडप मोठा, थंड आणि फुकट असतो, तरी तो नको. एक तर महिन्याच्या त्या दिवसांत बऱ्याच बायका देवळात येत नाहीत आणि का आल्या नाहीत ते सांगतही नाहीत. दुसरं, या पुस्तकात व्यभिचार, गर्भ, बालहत्या यांची उघड चर्चा आहे. देवासमोर बसून त्यावर तोंड उघडायला माणसं कचरतात. पंचायतीचा हॉल घुमतो आणि तिथल्या खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून असतात. वाचनालयाची खोली, शाळेचा एखादा वर्ग किंवा कुणाच्या घरचा मोठा सोपा चांगला. सगळी गोल बसतील अशा चटया टाका, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या त्याच गोलात ठेवा. मागे ठेवल्या तर खुर्चीवरच्या आज्या श्रोत्या होऊन बसतात.

पुरुषांना जरूर बोलवा, पण एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. वयाची अट सोळा वर्षांच्या पुढे. शाळेतल्या मुलींना आणायचं असेल तर आईला विषय आधी स्पष्ट सांगा.

दोरी

पहिल्या बैठकीआधी एक वस्तू बनवायची आहे आणि ती चारही बैठकांना भिंतीवर राहणार आहे. तीन मीटर सुती दोरी घ्या. एक वर्ष म्हणजे दोन सेंटिमीटर, असं माप धरा. पहिलं कार्ड १८४८ चं आणि शेवटचं १९७५ चं. मध्ये १२७ वर्षं, म्हणजे २५४ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना गाठीसाठी तेवीस-तेवीस सेंटिमीटर उरतात. खिडकीच्या दोन गजांना दोरी ताणून बांधा, खांद्याच्या उंचीला.

कार्डं दहा सेंटिमीटर रुंदीची. त्यांवर एवढंच लिहा:

१८४८, पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा.
१८५६, ब्रिटिश हिंदुस्थानात विधवाविवाहाचा कायदा.
१८७०, गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता लागू.
१८७३, सत्यशोधक समाज.
१८८०, गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींची पोर्तुगीज संहिता.
१८८१, सुरतेचा खटला.
१८८२, ‘स्त्रीपुरुषतुलना’. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आणि आर्य महिला समाज.
१८८५, फुल्यांचं ‘सत्सार’ नियतकालिक.
१८९१, संमतिवयाचा कायदा.
१९१०, पोर्तुगालचा घटस्फोटाचा कायदा, जो पुढे गोव्यातही आला. ताराबाईंच्या मृत्यूचंही साधारण हेच वर्ष.
१९७५, ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापली.

इथे एक अडचण येते. १८८०, ८१ आणि ८२ ही कार्डं दोन-दोन सेंटिमीटरवर येतात आणि एकमेकांवर चढतात. १८७० आणि ७३ चं, तसंच ८२ आणि ८५ चंही तेच. त्यासाठी कार्डं दोरीला चिकटवू नका. दोऱ्यानं खाली लोंबती ठेवा, एक दहा सेंटिमीटरवर, पुढचं तीसवर, त्याच्या पुढचं पन्नासवर. १८८२ चं कार्ड सगळ्यात खाली येऊ द्या, ते आपोआप उठून दिसतं. पंख्याचा वारा दोरीवर येत असेल तर कार्डाच्या खाली एक-एक कपड्याचा चिमटा लावा.

दोरी बांधून झाली की १९१० आणि १९७५ यांच्यामध्ये एक मीटर तीस सेंटिमीटर दोरी मोकळी दिसते. ती भरू नका. गोव्याची मुक्ती, महाराष्ट्राचं राज्य अशी कार्डं लावायची सूचना हमखास येते. ती वेगळ्या दोरीवर लावा. या दोरीवर फक्त या पुस्तकाशी जोडलेल्या गोष्टी आहेत, आणि एवढी वर्षं ते जवळजवळ कुणी वाचलंच नाही, हे त्या रिकाम्या दोरीवरून कुठल्याही भाषणापेक्षा लवकर कळतं.

पहिली बैठक: सुरत

विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर १८८१ मध्ये सुरतेला खटला झाला. विधवा असताना तिला दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलाजेच्या भीतीनं तिनं ते मारलं. कोर्टानं फाशी सुनावली. अपिलात फाशी टळून हद्दपारीची शिक्षा झाली. त्यावर वर्तमानपत्रांत लिहून आलं. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्रानं या निमित्तानं एकूण बायकांच्याच नीतीवर आग पाखडली. ताराबाईंनी लेखणी उचलली ती यावर.

हे सांगताना एक प्रश्न गटाला विचारा आणि थांबा: या सगळ्या हकिकतीत मुलाचा बाप कुठे आहे? उत्तर सुचवू नका. दहा-पंधरा सेकंद शांतता राहते, ती राहू द्या. गटाच्या तोंडून ‘त्याचं नाव कुठंच नाही’ हे आलं की मगच प्रस्तावनेचा उतारा काढा.

प्रस्तावनेत ताराबाई स्वतःला मराठमोळ्यात (मराठा घराण्यांतल्या पडद्यात) कोंडलेली, अल्पबुद्धीची बाई म्हणवतात आणि हा आपला पहिलाच प्रयत्न असल्याचं सांगतात. वाचणारी बाई हा भाग हमखास पडत्या आवाजात, माफी मागितल्यासारखा वाचते. तसं वाचू देऊ नका. तो त्या काळच्या प्रस्तावनांचा रिवाज आहे, आणि त्याच प्रस्तावनेत आपली भाषा कडक का आहे तेही त्या सांगतात. सरळ, बोलल्यासारखं वाचायला सांगा.

मोठ्यानं वाचण्याबद्दल इथेच थोडं. वाचणारणीला उतारा चार दिवस आधी द्या. तिनं घरी दोनदा मोठ्यानं वाचावा आणि श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीनं तिरकी रेघ मारावी, कारण ताराबाईंची वाक्यं लांबलचक आहेत आणि विरामचिन्हं आजच्यासारखी नाहीत. तीनशे शब्दांना साधारण तीन मिनिटं. त्याहून लवकर संपलं तर ती घाई करते आहे. ताराबाई एकामागून एक प्रश्न टाकत जातात. प्रश्नांच्या मध्ये थांबायचं नाही, ओळ संपेपर्यंत जायचं आणि शेवटच्या प्रश्नानंतर पाच आकडे मनात मोजायचे. आवाज चढवून, हातवारे करून वाचलं की ते नाटक होतं आणि लोक हसतात. राग शब्दांत भरपूर आहे, वाचणारीनं त्यात भर घालायची गरज नाही.

‘नाहीं’, ‘करितां’ यांतले अनुस्वार कोकणी बोलणाऱ्या जिभेला नाकातून सहज येतात. तसं वाचलं तर गोडच वाटतं. शहरात शिकलेल्या मुली अडखळतात, त्यांना ‘नाही’, ‘करिता’ असं साधं वाचू द्या.

दुसरी बैठक: श्लोक

ही बैठक सगळ्यात जास्त रंगते आणि हिच्यासाठी पूर्ण दोन तास राखून ठेवावे लागतात. भर्तृहरीच्या शृंगारशतकात बाईवर एक श्लोक आहे, ‘आवर्तः संशयानाम्’ असा सुरू होणारा. बाई म्हणजे काय काय, याची त्यात यादीच आहे. ताराबाई त्यातला आरोप उचलतात, ‘हे आमच्याबद्दल म्हणता ना, मग तुमचं बघू’ या पद्धतीनं पुरुषांच्या वागण्याशी ताडून बघतात आणि परत त्यांच्या पदरात टाकतात. पुस्तकाच्या नावातली ‘तुलना’ ती हीच.

श्लोकाच्या नऊ चिठ्ठ्या करा. वर संस्कृत, खाली मराठी: संशयांचा भोवरा; उद्धटपणाचं घर; साहसांचं नगर; दोषांचं भांडार; शेकडो कपटांनी भरलेली; अविश्वासाचं शेत; स्वर्गाच्या दारातलं विघ्न; नरकनगरीचं तोंड; सगळ्या मायेचा करंडा. चिठ्ठी पुरुषानं वाचायची, उत्तर बाईनं. पुरुष कमी असतील तर एकाच पुरुषानं सगळ्या वाचाव्या, हरकत नाही. चिठ्ठी वाचली की आधी दोन-तीन मिनिटं गटाला बोलू द्या. हाच आरोप आपल्याकडे आज कुठल्या शब्दांत होतो? लग्नाच्या बोलणीत, बसमध्ये, वडिलार्जित घराच्या वाटणीच्या वेळी? मग ताराबाईंचा तुकडा वाचा. एका चिठ्ठीला दहा मिनिटं धरली तर दीड तास होतो. संस्कृत उच्चारांवर वेळ घालवू नका. गटात भटजीबुवा असले तर त्यांना एकदा पूर्ण श्लोक म्हणू द्या. ते आनंदानं म्हणतात, आणि पुढच्या चर्चेत मुकाट ऐकूनही घेतात.

‘साहस’ या शब्दावर इथे थांबलंच पाहिजे. पुस्तकाच्या पूर्ण नावात ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ असे शब्द आहेत. आजचा वाचक त्याचा अर्थ ‘धाडसी कोण’ असा घेतो आणि शौर्याची स्पर्धा समजून बसतो. निबंधस्पर्धांचे फलकसुद्धा असे बघायला मिळतात. ताराबाईंच्या वाक्यात साहस म्हणजे अविचार, पुढचा-मागचा विचार न करता पापाला धजावणं. हा अर्थ फळ्यावर लिहून ठेवा आणि बैठक संपेपर्यंत पुसू नका.

तिसरी बैठक: विधवा, आणि गोव्याची १८८० ची संहिता

या बैठकीला दोन उतारे. एकात विधवेचे केस कसे काढले जातात, तिला शुभकार्यात तोंड दाखवता येत नाही, आणि बायको मेलेला पुरुष मात्र दुसऱ्या लग्नाला कसा लगेच उभा राहतो, हे आहे. दुसऱ्यात सावित्री येते. नवऱ्यासाठी ती यमाच्या दारापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेवर चार पावलं चाललेला एखादा नवरा दाखवा, असा ताराबाईंचा सवाल आहे. वटपौर्णिमा पाळणाऱ्या बायका गटात असतील तर इथे त्यांना आधी बोलू द्या. उपवासाची चेष्टा कुणालाही करू देऊ नका. ताराबाई सावित्रीला खाली आणत नाहीत, त्या नवऱ्यांना वर यायला सांगतात.

आता दोरीकडे वळा. पुस्तकाच्या दोन वर्षं आधी, १६ डिसेंबर १८८० रोजी, पोर्तुगीज सरकारनं गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींची संहिता काढली. तिच्यात हिंदू पुरुषाला पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करायची मुभा काही अटींवर ठेवली होती. बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झालं नाही, ही एक अट. बायको तिशीला पोचली आणि मुलगा झाला नाही, ही दुसरी. या दोन अटी मोठ्या कार्डावर लिहून गोलाच्या मध्ये ठेवा. शेजारी ताराबाईंचा उतारा. मग गटाला एकच काम द्या: हीच अट उलटी करून लिहा, ‘नवरा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत’ अशी. कागदावर लिहिलेलं वाक्य मोठ्यानं वाचायला लावा. ताराबाईंची पद्धत हाताला लागते ती इथे.

दोन गोष्टी स्पष्ट ठेवा. ताराबाई गोव्याबद्दल लिहीत नव्हत्या. त्यांच्यासमोर वऱ्हाड, पुणे आणि इंग्रजी अंमल होता. आपण त्यांचं माप घेऊन इथला कागद मोजतो आहोत. आणि ‘गोव्यात समान नागरी कायदा आहे, इथे बाईला सगळं मिळतं’ हे वाक्य कुणीतरी म्हणणारच. गोव्यात लग्नानंतर साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो, हे खरं आहे आणि मान्य करावं. त्याच कायद्याच्या शेजारी १८८० ची संहिताही होती, हे कार्ड दाखवून सांगावं आणि पुढे जावं.

या बैठकीत एखादी बाई स्वतःच्या घरचं बोलायला लागते. तिला गोलात बोलतं करू नका आणि गप्पही करू नका. चहाच्या वेळी बाजूला बसून ऐका, आणि मारहाणीचं काही असेल तर महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तिच्याकडे आहे ना, ते बघा. नंबर कागदावर लिहून देण्याआधी तो कागद घरी कुणाच्या हाती पडेल का, हे तिलाच विचारा. या कारणासाठी बैठकीचे फोटोही काढू नयेत.

चौथी बैठक: नाटक-कादंबऱ्या, आणि ताराबाईंच्या मर्यादा

ताराबाईंच्या काळात मराठी कादंबरी नुकती उभी राहत होती. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, बायकांच्या लबाडीच्या गोष्टी सांगणारं ‘स्त्रीचरित्र’, यांचा ताराबाई समाचार घेतात: यांत रंगवलेली बाई खरोखर कुठे असते का, आणि पुरुषांच्या लबाडीचं असं पुस्तक कुणी का लिहिलं नाही? मराठीत बाईनं केलेली इतक्या आधीची आणि इतकी रोखठोक साहित्यसमीक्षा दुसरी कुठली असेल, असं वाटत नाही.

गोव्यात हा भाग जिवंत करायला लांब जायला नको. जत्रेला गावात झालेल्या शेवटच्या दोन मराठी नाटकांच्या संहिता मंडळाकडून मागून घ्या. प्रत्येकीतला एक प्रवेश घ्या आणि मोजा: बाईची वाक्यं किती, त्यांतली किती नवऱ्याबद्दल किंवा मुलाबद्दल, कटकारस्थान करणारी बाई असेल तर तिला कारण दिलं आहे का. तीन-तीन जणांचे गट करा, प्रत्येकाला एक प्रवेश, वीस मिनिटं. नाटकात काम करणारे पुरुष आले असतील तर त्यांच्याकडून बाईची भूमिका बसवताना काय शिकवलं जातं, ते जरूर ऐका.

मग शेवटचा अर्धा तास ताराबाईंना देव न करण्यासाठी ठेवा. पातिव्रत्य ही कल्पनाच त्या पूर्ण मोडीत काढत नाहीत. नवरा देव असेल तर त्यानं देवासारखं वागावं, असा त्यांचा आग्रह आहे, आणि आजच्या वाचणारीला तो अपुरा वाटू शकतो. वाटू द्या, त्यावर बोला. काही जाती आणि धंदा करणाऱ्या बायका यांच्याबद्दलचे त्यांचे शब्दही खटकतात. गोव्यात इथे फार जपावं लागतं. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांच्या लेकी-सुना गटात असतील, आणि जुन्या जातिवाचक शब्दांनी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या हेटाळणी झालेली आहे. असा शब्द उताऱ्यात आला तर वगळू नका, पण वाचण्याआधी ‘हा शब्द १८८२ चा आहे, आपण तो वापरत नाही’ एवढं म्हणा. कुणाच्या घराण्याकडे वळून मत विचारू नका.

पुढे काय झालं, ते दोरीवरून सांगा. पुस्तकावर सत्यशोधक वर्तुळातल्याही पुरुषांनी टीका केली. १८८५ मध्ये जोतीरावांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि स्वतःच्या सहकाऱ्यांना सुनावलं. त्यानंतर ती मोकळी दोरी. १९७५ ची मालश्यांची आवृत्ती, आणि १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर, ज्यामुळे हा निबंध जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला. १९९४ चं हे जादा कार्ड दोरीच्या बाहेर जातं. १९७५ पासून अडतीस सेंटिमीटर मोजून भिंतीवर चिकटवा.

नेहमी अडतं ते

भाषेवरून वाद पेटवू नका. वाचन मराठीत, बोलणं ज्याला जी भाषा येईल तिच्यात, म्हणजे बहुतेक कोकणीत. टिपणं घेणारीनं बोलणारीची भाषा बदलू नये, कोकणी बोललेलं कोकणीतच लिहावं.

एखादा गृहस्थ ‘पण आता बायकाच वरचढ झाल्यात’ म्हणून सुरू होतो. त्याला उत्तर देत बसू नका. त्याचं वाक्य फळ्यावर लिहा आणि श्लोकातल्या कुठल्या चिठ्ठीशी ते जुळतं, ते गटाला शोधायला सांगा.

चहा मध्ये देऊ नका. कपांचा आवाज सुरू झाला की तीच दोघी-तिघी उठून आत जातात आणि परत येईपर्यंत उतारा पुढे गेलेला असतो. चहा शेवटी, आणि तो देण्याचं काम चार बैठकांत एकदा तरी पुरुषांकडे असावं.

चौथ्या बैठकीनंतर संच परत गोळा करा. त्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नका, पुढच्या गावच्या वाचणारणीला त्या उपयोगी पडतात. दोरी कार्डांसकट पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, १९७५ च्या टोकापासून सुरुवात करून, म्हणजे उलगडताना १८४८ आधी बाहेर येईल. नळी कोरड्या जागी ठेवा. इथल्या दमट हवेत सुती दोरीला एका पावसाळ्यात बुरशी धरते.